प्रोस्टेटचा कॅन्सर : उशीर झाला तरी वाट बंद नाही

साठी ओलांडलेल्या कास्तकाराची कंबर दुखते, ही खेड्यात कोणी बातमी मानत नाही. रात्री चार-पाचदा लघवीला उठावे लागते, धार बारीक होते, तरी घरचे म्हणतात, "बाबाचं वय झालं आता." मग मालिश, लेप, झाडपाला, तालुक्याला जाऊन सुई. यात वर्ष निघून जाते. अशा त्रासामागे बहुतेक वेळा प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच असते. पण काहींच्या बाबतीत तो कॅन्सर निघतो, आणि कळते तेव्हा तो मणक्यात, खुब्याच्या हाडात पोचलेला असतो.

इथून पुढे घराघरांत दोन टोके दिसतात. कोणी म्हणतो, "आता काही राह्यलं नाही, घरी घेऊन चला." कोणी दोन एकर विकून मुंबईची गाडी धरतो. दोन्ही निर्णय बहुधा पुरती माहिती न घेता होतात. वाढलेला कॅन्सर म्हणजे एकच अवस्था नव्हे. त्याच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर किरणांच्या उपचाराचा, म्हणजे आपण ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतो त्याचा, वेगळा उपयोग आहे.

पहिली पायरी, रोग ग्रंथीबाहेर सरकण्याचा धोका मोठा, पण हाडात पोचलेला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अशा २२४ रुग्णांवर अभ्यास केला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर शेक दिला, निम्म्यांना ओटीपोटातल्या गाठींच्या जागेवरही. पाच वर्षांनी रोगाने पुन्हा डोके वर न काढलेले पहिल्या गटात ८१ टक्के होते, तर दुसऱ्यात ९५ टक्के. तोवर जगण्या-मरण्यात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नव्हता.

दुसरी पायरी, हाडात रोग आहे, पण मोजक्याच ठिकाणी. इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासात २०१८ साली दिसले की अशांच्या प्रोस्टेटवर शेक दिला तर तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ७३ वरून ८१ टक्क्यांवर जाते. हाडात जागोजागी रोग पसरलेल्यांना मात्र तो फायदा मिळाला नाही. म्हणून रोग किती ठिकाणी आहे, हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्यांदा विचारला पाहिजे. हार्मोन रोखणारे इंजेक्शन किंवा वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया हा मूळ उपचार. शेक त्याच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही.

तिसरी पायरी, हाडातल्या रोगाने झोप उडाली आहे. इथे दुखऱ्या हाडावर एकदाच दिलेला शेक बहुतेकांना पुरतो. दहातल्या सुमारे सहा जणांचे दुखणे कमी होते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तोवर वेदनेच्या गोळ्या चालू ठेवायच्या. पुढे दुखणे परतले तर शेक पुन्हा देता येतो.

चौथा उपचार नवा आहे. हार्मोनचे उपचार थकल्यावर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. फवारा साऱ्या वावरावर पडतो, ठिबकचे पाणी मुळाशीच जाते; तसे हे औषध कॅन्सरच्या पेशीवरील खूण ओळखून मुख्यतः तिथेच चिकटते. आपल्या देशात हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अणुभट्टीत तयार होते. ८३१ रुग्णांच्या परदेशी अभ्यासात, २०२१ साली, सरासरी आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेलेले दिसले. म्हणजे चार महिने, एक खरीप. ते थोडे नाहीत, पण रोग मुळातून गेला असेही नाही. औषध महाग आहे, मोठ्या शहरांतच मिळते, आणि आधी विशेष स्कॅनमध्ये ती खूण दिसावी लागते. शेत विकण्यापूर्वी हे आकडे घरात सर्वांना माहीत असावेत.

आता खरा प्रश्न दिवसांचा. शेकासाठी पाच आठवडे रोज जायचे म्हटले तर आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या माणसाने ऐन पेरणीत काय करावे? सोबतच्या मुलाची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून "किती फेऱ्या? कमी फेऱ्यांत होईल का?" हे विचारायला लाजू नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी मेघे येथे शेकाची सोय जिल्ह्यातच आहे, नागपुरातही आहे. सुगीत ज्वारी देऊन दवाखान्याचा विमा काढण्याची योजना ज्या सेवाग्रामने गावोगावी चालवली, तिथे कास्तकाराने संकोच कशाला करावा?

पैशाचे बघू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी आपल्या जिल्ह्यातील शुभ्र शिधापत्रिकेचे शेतकरी सातबारा दाखवून बसत. २०२४ पासून ती सर्व कुटुंबांना खुली असून मर्यादा वर्षाला पाच लाखांची आहे. किरणांचे नेहमीचे उपचार तीत येतात. ल्युटेशियमचे आधी विचारून घ्यावे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शिधापत्रिका व आधार दाखवावे. एसटी व रेल्वेतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे. शिधापत्रिकेतले नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून माणसे अडतात. ते दुरुस्त करून देण्यात तलाठी, ग्रामसेवक, पुरवठा कार्यालयाने एक दिवस लावला, तर रोग्याचा एक महिना वाचतो.

आशाताईंनी आणि सरपंचांनी एक गोष्ट गावाला पाठ करून द्यावी. प्रोस्टेटच्या रोग्याच्या पायांतले बळ एकाएकी गेले, मुंग्या आल्या, किंवा लघवी-संडास अडली, तर मणक्यातली मज्जारज्जू दाबली गेली असे समजावे. उद्याची वाट पाहू नये, १०८ ला फोन करून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. पायावर चालत आलेला माणूस शेकानंतर बहुधा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर नेलेला क्वचितच पुन्हा उभा राहतो.

आणि ज्यांना अजून काही झालेले नाही, पण लघवीचा त्रास आहे, त्यांनी वेचणी संपायची वाट न पाहता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि पीएसए नावाच्या रक्ततपासणीबद्दल विचारावे. वावर कुठे जात नाही.