ओटीवरच्या गप्पा : उपनगरातील शेजार

गेल्या महिन्यात पुण्याच्या सदाशिव पेठेतून एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचा जुना वाडा पाडावयाचे ठरले असून, मुलांच्या नोकऱ्या मुंबईस असल्याकारणाने अकरा माणसांचे ते एकत्र कुटुंब आता मुंबईच्या एका उपनगरात, एकाच इमारतीतील दोन बिऱ्हाडांत, राहावयास जाणार आहे. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "सासूबाईंना एकच काळजी लागून राहिली आहे. तेथे शेजार म्हणून काही असतो काय?"

प्रश्न एका ओळीचा. परंतु प्रस्तुत लेखकाचा जन्म विलेपार्ल्याचा, आणि पंचाहत्तरीपर्यंतचे आयुष्य तेथल्या एकाच गल्लीत गेलेले. तेव्हा या प्रश्नास एका शब्दात उत्तर देणे आमच्याने होणार नाही. वाचकांनी थोडी सवड काढून बसावे.

उपनगर ही वस्तू आयती मिळत नाही, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली आणि दाटीने राहणाऱ्या माणसांची दैना उडाली. त्यातूनच १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, व दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेच्या वसाहती आखल्या गेल्या. ज्यांना तेथील जागाही परवडेना, ते रेल्वेच्या भरवशावर माहीमच्या खाडीपलीकडे गेले. आमचे आजोबा अशांपैकीच एक. गिरगावातील चाळीच्या दोन खोल्या सोडून १९२५ च्या सुमारास ते पार्ल्यास आले, तेव्हा आजी म्हणे आठ दिवस रडत होती. रात्री कोल्हेकुई ऐकू येई, पावसाळ्यात विंचू-सर्प निघत, आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसे. पहिल्या पावसाळ्यात विहिरीची वाट दाखविली आणि कोणत्या झाडाखाली सर्प असतात हे सांगितले, ते गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजारणीने. आम्ही मंडळी पार्ल्यास 'आपले गाव' म्हणतो खरे. पण आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव कोणाचे तरी होते, हे आजीने आम्हांस कधी विसरू दिले नाही.

या नव्याने आलेल्या मंडळींपाशी पैसा बेताचाच. बहुतेक जण कारकून, मास्तर, क्वचित् एखादा वकील वा डॉक्टर. सकाळच्या गाडीने फोर्टात जावयाचे आणि संध्याकाळी परतावयाचे, हा त्यांचा दिनक्रम. लोकमान्यांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. पुढच्याच वर्षी, १९२१ साली, त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय निघाले, आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. पु. ल. देशपांड्यांसारखा विद्यार्थी ज्या शाळेने महाराष्ट्रास दिला, ती शाळा काही सरकारने आणून ठेविलेली नव्हती. आमचे आजोबा रविवारी सकाळी धोतराचा सोगा खोचून संघाच्या वर्गणीसाठी दारोदार हिंडत. १९२८ साली कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा प्रवासात जी दहा-पंधरा मिनिटे वाचली, ती आपण संघाच्या खाती जमा केली, असे ते थट्टेने म्हणत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली विलेपार्ल्यास छावणी पडली, तेव्हा याच कारकुनांच्या घरांतून स्वयंसेवकांसाठी भाकऱ्या गेल्या. आमच्या आजीनेही थापल्या होत्या; आणि त्या दिवसापासून तिने गिरगावाचे नाव काढले नाही. तात्पर्य, माणूस जेथे राहतो तेथला होत नाही, जेथे काही करतो तेथला होतो.

आता शेजाराविषयी. लहानशा उपनगरातील शेजार म्हणजे ओळखीचे डोळे. १९६१ च्या सुमारास आम्ही व आमचा एक वर्गबंधू शाळा चुकवून जुहूच्या समुद्रावर गेलो. दुपारी पाय धुऊन, दप्तर खांद्यावर टाकून, अगदी शाळेतून आल्यासारखी मुद्रा करून घरी आलो, तो मातोश्री दारातच उभ्या! वाण्याने आम्हांस रेल्वेचे फाटक ओलांडताना पाहिले होते, डॉक्टरांच्या कंपाउंडराने जुहूच्या रस्त्यावर पाहिले होते, आणि समोरच्या काकूंनी चपलांतली वाळू आत्ताच पाहिली होती. त्या दिवशी आम्हांस वाटले, या गावाइतके दुष्ट गाव पृथ्वीच्या पाठीवर नसेल.

पुढे चार वर्षांनी एका संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर वडिलांच्या छातीत कळ आली व ते खाली बसले. रोज त्याच डब्यातून येणारी मंडळी मागेपुढे होतीच. एकाने स्टेशनमास्तरांकडून खुर्ची मागून आणली, चौघांनी तीवर बसवून त्यांना घरी पोचविले, एक जण पुढे धावून डॉक्टरांना घेऊन आला, आणि आणखी एकाने मैदानावर खेळत असलेल्या आम्हां भावंडांस शोधून घरी आणले. मातोश्रींना काय झाले हे नीट कळण्याच्या आत औषध सुरू झाले होते. वडील त्यानंतर एकोणीस वर्षे जगले. त्या खुर्चीचा एक पाय धरणारा गृहस्थ म्हणजे, वाचकहो, आमच्या जुहूच्या सफरीची बातमी घरी आणणारा तोच कंपाउंडर. चुगली करणारे डोळे आणि जीव वाचविणारे डोळे निराळे नसतात, हे त्या रात्री आम्हांस कळले.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमची धाकटी आत्या बालपणी नव्हे, पण ऐन पंचविशीत विधवा झालेली. बी. ए., बी. टी. होऊन ती एका शाळेत शिकवीत असे. त्याच शाळेतील एका शिक्षकांबरोबर ती दोनदा नाटकास गेली. तिसऱ्या दिवशी गल्लीतील प्रत्येक ओटीवर तोच विषय! कोणी तोंडावर बोलले नाही. फक्त हळदीकुंकवाच्या घरी ती जाता बोलणे थांबू लागले. आजोबा सुधारक मताचे. त्यांनी तिला पुनर्विवाहास संमतीही दिली असती. पण आत्याने वर्षभरात पुण्यास बदली मागून घेतली आणि पुढे एकटीच राहिली. मरणापूर्वी दोन वर्षे ती आम्हांस म्हणाली, "अरे, तुमच्या पार्ल्याच्या माणसांचे हात फार चांगले. तोंडे आवरली असती तर मी तेथेच राहिले असते." हे वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही, आणि जुन्या शेजाराचे गोडवे गाताना कोणीही ते विसरू नये.

काळ पालटला. १९५० साली पार्ले बृहन्मुंबईत सामील झाले. आमचे बैठे घर पाडून तेथे बारा बिऱ्हाडांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली, आणि काही वर्षांपूर्वी ती इमारतही पाडून तीच जागा अठ्ठावीस बिऱ्हाडांची झाली. १९२९ साली निघालेल्या पार्ल्याच्या गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास हे आमच्या स्टेशनाचे निशाण होते. २०१६ साली तो कारखाना बंद पडला. नव्या इमारतीत लिफ्ट आली, चोवीस तास पाणी आले, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना आराम मिळाला. यांपैकी कशालाही आम्ही नावे ठेवणार नाही. जिने चढून थकलेल्या माणसाने लिफ्टची निंदा करणे हा शुद्ध ढोंगीपणा होय. फरक एवढाच पडला, की जिन्यात होणाऱ्या गाठीभेटी संपल्या. दारे लागली ती लागलीच. आता कोणी कोणाच्या चपला पाहत नाही, आणि आम्ही सर्वांनी त्याला सभ्यपणा असे नाव दिले.

गेल्या श्रावणातील गोष्ट. सकाळी आमच्या घरी धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई हात पुसत आत आल्या व म्हणाल्या, "आजोबा, चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या दाराला कालची दुधाची पिशवी तशीच आहे हो. आजची पण तिच्यावर ठेवलीय." त्या आजींचा मुलगा परदेशी असतो व त्या एकट्याच राहतात. आम्ही म्हणालो, "गावाला गेल्या असतील." त्यावर बाई म्हणाल्या, "गावाला जाताना त्या मला तुळशीला पाणी घालायला सांगतात. ह्या वेळी नाही सांगितलं." आम्ही पहारेकऱ्याकडून किल्लीवाल्यास बोलाविले. आजी न्हाणीघरात पडलेल्या होत्या. मांडीचे हाड मोडले होते, शुद्ध होती, घसा ओरडून बसला होता. सुमारे चोवीस तास त्या तेथे होत्या. आणि त्या चोवीस तासांत त्यांच्या दारावरून लिफ्टकडे जाणाऱ्यांत आमच्या घरातीलच चार माणसे होती.

आजी वाचल्या, आता काठी घेऊन चालतात. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण रुग्णालयात नाव-गाव लिहून घेताना, "प्रथम कोणी पाहिले?" असे विचारले गेले, तेव्हा त्या बाईंचे आडनाव आम्हांस सांगता आले नाही. नऊ वर्षे त्या आमच्या घरी येत आहेत. त्यांना आमची औषधे, आमचे उपास, आमच्या नातवंडांच्या परीक्षा ठाऊक. आम्हांस त्यांचे आडनाव ठाऊक नाही! शेजार नाहीसा झाला असे आम्ही म्हणत होतो. तो नाहीसा झाला नव्हता. तो आम्ही ज्यांना शेजारी म्हणून मोजलेच नाही, त्यांच्यापाशी शाबूत होता.

पुढच्या रविवारी गृहसंस्थेची सभा भरली. कार्यक्रमपत्रिकेवर मोटारी उभ्या करण्याच्या जागांचा प्रश्न होता. आमच्या सूनबाईंनी उठून आजींचा विषय काढला, आणि तासाभराच्या चर्चेअंती तीन साध्या गोष्टी ठरल्या. एक : एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या घराची दुसरी किल्ली त्याने स्वतः निवडलेल्या शेजाऱ्यापाशी असावी. दोन : रोज सकाळी दहाच्या आत त्या घरी कोणीतरी एकदा घंटी वाजवावी, व्हॉट्सअ‍ॅपवरील समूहात सुप्रभात लिहिल्याने हे काम झाले असे समजू नये. तीन : इमारतीत कामास येणाऱ्या सर्व बायका व पहारेकरी यांची पूर्ण नावे, आणि त्यांच्या अडीअडचणीस कोणास कळवावयाचे हे, गृहसंस्थेच्या वहीत लिहून ठेवावे, म्हणजे त्यांच्यावर प्रसंग आला तर आपणही धावून जाऊ शकू. तिसऱ्या गोष्टीवर एका गृहस्थांनी कुरकुर केली. तेव्हा आजींनी खुर्चीवरूनच म्हटले, "त्या वहीतले पहिले नाव मी लिहिणार." पुढे कोणी काही बोलले नाही.

सूनबाईंनी शेवटी आणखी एक वाक्य जोडले : "दार ठोठवायचं ते विचारपूस करण्यासाठी, घरात कोण येतं-जातं ते पाहण्यासाठी नव्हे." त्यांनी आत्याला पाहिलेले नाही, परंतु आम्हांस त्या क्षणी आत्याच बोलल्यासारखी वाटली.

तेव्हा पत्रलेखिका भगिनींस आमचे उत्तर असे. आपल्या सासूबाईंना सांगावे, की वाड्यातला शेजार जन्माने मिळत असे, उपनगरातला कमवावा लागतो. नव्या घरी दूध उतू घालाल, त्या संध्याकाळी अकरा माणसांपैकी दोघांनी तरी प्रत्येक मजल्यावर जाऊन पेढा द्यावा, आणि तो देताना पहारेकऱ्यास व केर काढणाऱ्या बाईंस वगळू नये. त्यांचे नाव विचारावे, आपले सांगावे. सासूबाईंना जमेल तर सकाळी घटकाभर खाली बाकावर बसावे. चार दिवसांत कोणीतरी शेजारी येऊन बसेल. आमच्या आजीला आठ दिवस लागले होते.