सब्र आणि पॅरासिटामॉल

सिझर झालेल्या बाईला आपल्या घरांमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, "तुला काय, सिझर झालं, कळा कुठे सोसल्यास?" आणि टाके दुखतायत म्हणून तिने गोळी मागितली की दुसरं, "अंगावर पाजतेस ना, मग गोळ्या कशाला? सब्र कर." पहिल्या वाक्याने तिचा दुखण्याचा हक्क जातो, दुसऱ्याने औषधाचा. बोलणाऱ्या बायका वाईट नसतात. बहुतेक वेळा त्याच रात्री उठून बाळाची दुपटी बदलत असतात. पण या वाक्यांना ना वैद्यकशास्त्राचा आधार आहे, ना दीनचा. दुसऱ्या वाक्यात दीनचं नाव घेतलं जातं, म्हणून त्यावर लिहिणं मला गरजेचं वाटतं.

हा थोड्या बायकांचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होतं, म्हणजे चारातली एक. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर ते ४७ टक्क्यांच्या वर गेलं होतं. यातली किती सिझर खरंच गरजेची होती, हा वेगळा आणि महत्त्वाचा वाद आहे. पण तो वाद टाके पडलेल्या बाईच्या खाटेशी बसून घालायचा नसतो. तिचं ऑपरेशन झालेलं आहे. आता तिला बरं व्हायचं आहे.

सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. कातडी, त्याखालची चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, पोटाचा आतला पडदा आणि शेवटी गर्भाशय, इतके थर उघडावे लागतात आणि पुन्हा मिटवावे लागतात. घरातल्या पुरुषाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तर त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू देत नाही. सिझर झालेल्या बाईच्या हातात मात्र त्याच दिवशी बाळ येतं आणि ते चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागतं. दर वेळी उठायचं, बसायचं, वाकायचं. शिवाय बाळ ओढू लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक स्रवतं आणि गर्भाशय आकसू लागतं. हे चांगलंच असतं, त्याने रक्तस्राव आटोक्यात राहतो. पण त्या वेळी पोटात कळा येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या अधिक जोरात येतात. "कळा कुठे सोसल्यास" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

दवाखान्यात तीन-चार दिवस इंजेक्शनं असतात, नर्स असते. खरी कसोटी घरी आल्यावर सुरू होते. हातात डिस्चार्ज कार्ड असतं, तेही इंग्रजीत. कुठली गोळी कशाची, कधी थांबवायची, हे समजावून सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो आणि विचारायला घरच्यांना संकोच वाटतो. मग कार्ड कपाटात जातं आणि निर्णय खाटेभोवती जमलेल्या बायका घेतात.

त्यांची मुख्य भीती एकच असते. गोळी दुधात उतरेल आणि बाळाला बाधेल. ही भीती अगदीच निराधार नाही, कारण काही औषधं खरंच बाधू शकतात. पण सगळी औषधं एका टोपलीत टाकून चालत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन औषधं अंगावर पाजणाऱ्या आईसाठी जगभर पहिली निवड मानली जातात. ती दुधात फार थोडी उतरतात. पॅरासिटामॉल तर आपण तापात लहान मुलांना थेट पाजतो. आईच्या दुधातून त्याचा जेवढा अंश जातो, तो त्या औषधी डोसापेक्षा कितीतरी कमी असतो. आपल्याकडे डॉक्टर पुष्कळदा डायक्लोफेनॅक लिहून देतात, तेही दुधात फार कमी उतरतं. या गोळ्यांसाठी दूध काढून टाकायची किंवा पाजणं थांबवायची गरज नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिल्या काही दिवसांत वेदना असह्य झाल्यावर गोळी घेण्यापेक्षा कार्डावर लिहिल्याप्रमाणे घड्याळ बघून घेतलेली बरी. एकदा वेदना चढली की तिला खाली आणायला जास्त औषध लागतं. पॅरासिटामॉल चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जाता कामा नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. बाई अगदी अशक्त असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर याहूनही कमी, आणि किती ते डॉक्टरांना विचारून. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा होऊ शकते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांतलं एकच घ्यायचं, दोन्ही एकत्र नाही, आणि ते जेवणानंतर. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा गरोदरपणात वाढलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

टाळायचं काय, हेही तितकंच स्पष्ट हवं. कोडीन आणि ट्रामाडॉल ही औषधं काही बायकांच्या शरीरात फार वेगाने बदलतात, दुधातून बाळापर्यंत जास्त पोचतात आणि बाळाला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली स्तनदा मातांसाठी या दोन्हींविरुद्ध इशारा दिला. कार्डावर यांतलं नाव दिसलं तर डॉक्टरांना सांगा, "मी अंगावर पाजतेय, दुसरं काही देता येईल का?" वेदनेसाठी ॲस्पिरिन नको. आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून "अंगदुखीची गोळी द्या" म्हणून आणलेली गोळी तर नकोच. त्यात निमेसुलाइड असू शकतं. या औषधावर आपल्या देशात २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आहे. गंमत बघा, डॉक्टरने विचार करून लिहिलेली गोळी आपण दुधाच्या भीतीने बंद करतो आणि मेडिकलवरून आणलेली बिनधास्त देतो.

गोळीशिवायही बरंच करता येतं. उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावं आणि हाताने रेटा देत पाय खाली सोडावेत. खोकताना, शिंकताना, हसताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. पाजताना बाळ पोटावर आडवं घेण्याऐवजी काखेखाली धरावं, किंवा कुशीवर झोपून पाजावं. रोज थोडं घरातल्या घरात चालावं, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. टाके असताना कुंथण्याइतका त्रास दुसरा नाही. म्हणून पाणी, भाज्या, फळं भरपूर हवीत. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" म्हणत बाळंतिणीला तहानलेलं ठेवायची रीत अजून कित्येक घरांत आहे. ती बंद झाली पाहिजे.

परंपरेतलं सगळं टाकाऊ नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आल्या-सुंठीचा पेज-काढा यांत माया आहे, ऊबही आहे. पण खाटेखालच्या शेगडीबद्दल मी हट्टाने सांगेन. बंद खोलीतल्या कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो. शिवाय टाक्यांच्या आसपासची कातडी कित्येक महिने बधिर राहते. तिथे शेक दिला तर भाजलेलं तिला कळतही नाही. आणि कंबर दुखली की "पाठीतल्या इंजेक्शनने जन्माची कंबर गेली" हे ऐकायला मिळतं. भुलीच्या इंजेक्शनाने कायमची कंबरदुखी लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तासन्‌तास वाकून पाजणं, अपुरी झोप आणि रक्ताची कमतरता ही कारणं मात्र आपल्या डोळ्यांसमोर असतात.

आता सब्रकडे येते. सब्र हा आपल्या दीनमधला मोठा शब्द आहे. पण उपाय समोर असताना तो नाकारणं, असा त्याचा अर्थ कधी होता? औषधोपचार करावा का, असं विचारणाऱ्यांना पैगंबरांनी (स.) उपचार करा असंच सांगितलं, आणि अल्लाहने आजारासोबत त्याचा इलाजही उतरवला आहे, असं सांगितल्याच्या हदीस प्रसिद्ध आहेत. कुरआन बाळंतपणाची वेदना झाकत नाही. सूरह मरियममध्ये हजरत मरियम कळांनी व्याकूळ होऊन खजुराच्या बुंध्याशी येतात आणि याआधीच मेले असते तर बरं, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात. त्यावर त्यांना सब्राचा उपदेश मिळत नाही. दुःख करू नकोस असा दिलासा मिळतो, पायाशी झरा मिळतो, ताजा खजूर मिळतो, खा-पी आणि शांत राहा असं सांगितलं जातं. मरियमसारख्या बाईच्या वेदनेला उत्तर म्हणून पाणी आणि अन्न येतं, तर आपल्या सुनेच्या वेदनेला उत्तर म्हणून व्याख्यान का यावं?

सूरह बकराची २३३वी आयत दूध पाजण्याविषयी आहे. ती पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख करते, तेवढा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच आयतीत आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये असंही बजावलं आहे. परस्पर संमतीने आणि विचारविनिमयाने दूध लवकर सोडवता येतं, दुसऱ्या बाईकडून पाजून घेता येतं, हेही तिथेच आहे. म्हणजे जिथे दुधाचा आदेश आहे, तिथेच आईची काळजीही आहे. अर्धी आयत सुनेला ऐकवायची आणि उरलेली अर्धी मुलापासून लपवायची, हा प्रामाणिकपणा नाही.

निफासचे नियम बघा. रक्तस्राव चालू असेपर्यंत बाईला नमाज माफ आहे. हनफी घरांत याची कमाल मुदत चाळीस दिवस मानतात, कोकणातल्या शाफई घरांत साठ. या नमाजा नंतर भरूनही काढायच्या नसतात. स्राव आधी थांबला आणि उभं राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर आडवं होऊन नमाज पढता येते. रोजे पुढे ढकलता येतात. ज्या दीनने आपला सर्वांत मोठा फर्ज तिच्या शरीराकडे बघून शिथिल केला, त्याच दीनच्या नावाने दोन रुपयांची गोळी अडवायची हे मला पटत नाही.

पुरुष वाचकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. गोळ्यांच्या वेळा लिहून भिंतीवर चिकटवणं, डिस्चार्ज कार्ड समजावून घेणं, रात्री बाळ उचलून आईजवळ देणं, ढेकर काढणं, कपडे बदलणं, यांतलं कुठलंच काम फक्त बाईलाच जमतं असं नाही. पैशांची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर आणि औषधं मोफत आहेत, हे माहीत असू द्या. आशाताई बाळाला बघायला घरी येतात, तेव्हा बाळाच्या वजनासोबत आईच्या दुखण्याविषयीही विचारा.

आणि काही दुखणी अशी असतात की तिथे ना सब्र चालतं, ना घरची गोळी. शंभरच्या वर चढलेला ताप, टाक्यांतून पू, वाढती लाली किंवा दुर्गंधी, तासाभरात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप, बसल्यावर असह्य होणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. यांतलं काहीही झालं तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटलं, दूध ओढेना, तरीही तसंच. वेदना दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. ती वाढत असेल तर शरीर काहीतरी सांगत असतं. रोज "सहन कर" ऐकून गप्प राहायला शिकलेली बाई हे सांगायला उशीर करते. या गप्प राहण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

सब्र तिच्यात भरपूर आहे. रात्री तीनला चौथ्यांदा टाक्यांवर हात ठेवून उठणाऱ्या बाईला तो शिकवायची गरज नाही. तिला पाण्याचा ग्लास आणि वेळेवर गोळी द्या, आणि बाळाला ढेकर काढायला तुम्ही घ्या.