फटाक्यांची विक्रीच बंद करा: आमचा जाहीरनामा

आम्ही पुण्यातली साधी माणसं. कुणाच्या घरी दमेकरी आजोबा, कुणाकडे तान्हं बाळ, कुणाकडे दिवाळीचे चार दिवस पलंगाखालून न हलणारं कुत्रं. आजपासून आम्ही एका मागणीसाठी एकत्र येत आहोत: फटाक्यांची किरकोळ विक्री राज्यभर बंद व्हावी.

आपण फुलबाजी आणि नागगोळी ‘लहान मुलांचे फटाके’ म्हणून आणतो. २०१६ साली इथल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने लोकप्रिय फटाक्यांचा धूर मोजला. सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले नागगोळीतून: घनमीटरमागे सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराची माळसुद्धा तिच्या मागे, ३८,५०० च्या आसपास. फुलबाजी दहा हजारांच्या वर. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा आहे ६०. पोरं तर नागगोळीवर वाकून, तोंड जवळ नेऊन साप वर येताना बघतात, आणि आवाज नाही म्हणून आईबाप निर्धास्त असतात.

बंदीने काही होतं का, हे विचारलं जाणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवली, माळांना आणि बेरियम असलेल्या फटाक्यांना मनाई केली. साडेदहाला काय ऐकू येतं ते सर्वांना ठाऊक आहे. आवाजाची मर्यादा मोजायची फटाक्यापासून चार मीटरवर. हवालदाराने ती कुठल्या गल्लीत, कुठल्या क्षणी मोजावी? पोलिसांची गाडी येईतो रस्त्यावर नुसता कागदाचा खच असतो. दिल्लीत विक्रीही थांबवून पाहिली, पण शेजारून माल येत राहिला. म्हणून एका शहरापुरती बंदी आम्हाला नको. वात पेटवणारे लाखो. गोदामं, मालाचे ट्रक आणि तात्पुरत्या स्टॉलचे परवाने मात्र मोजता येतात. राज्याच्या सीमेवरून थोडा माल येईल, हे आम्ही धरून चाललो आहोत. तो घरोघरी पोचणार नाही, एवढं पुरे.

नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने हरित फटाके तयार केले, त्यांचा धूर साधारण तीस टक्के कमी. उरलेला कुणी ओढायचा?

आणि बनवणारे हात? डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळच्या तळवड्यात केकवरच्या, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली. गेल्या त्या बहुतेक बायकाच.

कंदील, किल्ला, फराळ, अभ्यंगस्नान यांतलं काहीही आम्हाला कमी करायचं नाही. आमची मागणी एकतीस डिसेंबरला, वरातीला आणि निवडणूक निकालाच्या मिरवणुकीलाही तितकीच लागू आहे. आतषबाजी हवीच असेल तर मोकळ्या मैदानावर, प्रशिक्षित माणसांकडून, अग्निशमन दलासमोर, ठरल्या वेळी एकदाच व्हावी. स्टॉलवाल्यांना दुसऱ्या धंद्यासाठी दोन वर्षांची मुदत आणि कर्ज मिळावं.

येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या सोसायटीत फटाकाबंदीचा ठराव मांडा, सह्या घ्या आणि त्याची प्रत दसऱ्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत पोचवा.