‘इट इज व्हॉट इट इज’ म्हणण्याआधी…

केटी लागली, इंटर्नशिपचा मेल आलाच नाही, ट्रिपचा प्लॅन चौथ्यांदा फिसकटला. ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो? ‘ब्रो, इट इज व्हॉट इट इज.’ पाच शब्दांत विषय कट! घरच्यांचं ‘चालायचंच’ ऐकून आपण वैतागतो खरे. पण हे त्याचंच इंग्रजी भावंडं आहे.

हे वाक्य आजकालच्या रील्समधून आलेलं नाही बरं का. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका दैनिकात १९४९ मध्येच ते छापून आलं होतं. विषय होता नवी जमीन वसवणाऱ्यांचं खडतर जगणं. जमीन आहे तशी आहे, तिच्याशी वाद कसला घालणार? तिथे ते शोभलं. पुढे ते हरलेल्या संघांच्या तोंडी रुळलं. मॅच संपलीये, स्कोअर बदलणार नाही. तिथेही चालून गेलं.

गडबड झाली ती खुर्चीवरचा माणूस ते बोलला तेव्हा. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसारित झालेल्या मुलाखतीत पत्रकार जोनाथन स्वान यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना विचारलं, करोनाने रोज हजारभर अमेरिकी माणसं मरताहेत, त्याचं काय? उत्तर आलं, ‘इट इज व्हॉट इट इज.’ त्यानंतर दोनच आठवड्यांत मिशेल ओबामांनी पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात हेच पाच शब्द ट्रम्प यांच्यावर उलटवले. ज्याच्या हातात काही करणं आहे, त्यानेच ‘आता काय करणार’ म्हटलं की तो समजूतदारपणा राहत नाही. ती जबाबदारी झटकणं असतं.

आता आपल्याकडे या. २०२४ ची ‘नीट’ आठवते? निकालात तब्बल ६७ जणांना ७२० पैकी ७२०! तेव्हा सगळ्यांनीच खांदे उडवले असते तर? काही विद्यार्थी सुप्रीम कोर्टात गेले. १,५६३ जणांचे ग्रेस मार्क रद्द झाले, त्यांना फेरपरीक्षेची संधी मिळाली. फिजिक्सच्या एका वादग्रस्त प्रश्नाचं उत्तर आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलं गेलं. सुधारित निकालात पैकीच्या पैकीवाले उरले १७. संपूर्ण परीक्षा पुन्हा घ्यायला मात्र कोर्टाने नकार दिला. म्हणजे सगळं मिळालं नाही; पण ‘आहे ते आहे’ असंही राहिलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची बँक परीक्षा एकाच दिवशी आली. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि एमपीएससीने आपली परीक्षा पुढे ढकलली. तारीख म्हणजे काही नेब्रास्काची जमीन नव्हे. ती माणसांनी ठरवलेली असते, माणसांना बदलता येते.

मग हे वाक्य टाकूनच द्यायचं का? अजिबात नाही. सगळे प्रयत्न करून झाल्यावर ते मनाला खरंच आधार देतं. फक्त ते शेवटी म्हणायचं, सुरुवातीला नाही. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायची मुदत शिल्लक आहे? स्कॉलरशिप का अडकली, हे ऑफिसात विचारलंय? नसेल, तर आधी ते करा. तरीही काही हललं नाही, तर टाका खुशाल ग्रुपवर ते पाच शब्द. तेव्हा ते खरे असतील.