क्यूबाची मिरेया आणि आपल्या मुली

साखरेच्या धंद्यातल्या माणसाला क्यूबा हे नाव नवीन नाही. आपल्याकडे सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून तो देश जगाला साखर पुरवीत होता. त्याच क्यूबातील कामाग्वे हा ऊस आणि गुराढोरांचा मुलूख. तेथे 25 ऑगस्ट 1967 रोजी मिरेया लुईस ही मुलगी जन्मली. पुढे तिने व्हॉलीबॉलमध्ये जे केले ते आपल्या सभासद बंधू-भगिनींना, विशेषतः मुलींच्या आईबापांना, ठाऊक असावे म्हणून हा लेखप्रपंच.

आधी तिच्या उडीविषयी. मिरेयाची उंची 175 सेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा फूट. आपल्याकडे ही उंची फार वाटेल, पण जागतिक व्हॉलीबॉलमध्ये अशा मुलीला बुटकीच म्हणतात. महिलांचे नेट 2.24 मीटरवर असते. मिरेया उडी मारून हात वर करी तेव्हा तो 3.39 मीटरपर्यंत पोहोचे. नेटच्या वर मीटरभराहून जास्त! बास्केटबॉलची कडी 10 फुटांवर असते, त्याच्याही वर हिचा हात फूटभर जाई. समोरच्या सहा-सव्वासहा फुटी बाया ब्लॉकला हात लावून उभ्या राहत आणि ही त्यांच्या बोटांवरून चेंडू हाणून मोकळी होई. गावातल्या शूटरांनी हा आकडा एकदा भिंतीवर खडूने आखून बघावा, मग कळेल.

पण उडी ही देवाची देणगी, असे म्हणून विषय संपवणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. उडी तर आपल्या डोंगरकडेच्या पोरींतही असेल. ती हुडकणार कोण? क्यूबाने 1961 साली खेळासाठी सरकारी खाते उघडले आणि पुढे प्रांतोप्रांती खेळाच्या निवासी शाळा काढल्या. राहणे, जेवण, अभ्यास आणि खेळ एकाच ठिकाणी. युजेनियो जॉर्ज ह्या प्रशिक्षकाने महिलांचा संघ वर्षानुवर्षे हाताखाली घडवला. त्याच्या संघाने 1978 साली जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा मिरेया अकरा वर्षांची होती. 1983 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती राष्ट्रीय संघात होती. सांगायचे म्हणजे, ती आली तेव्हा वाट आधीच पाडलेली होती.

1986 साल तिच्या आयुष्यातले मोठे. त्या साली तिला मुलगी झाली आणि बाळंतपणाला जेमतेम दोन आठवडे होतात न होतात तोच ती प्राग येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळली. क्यूबा चीनकडून हरला, रौप्यपदक मिळाले. ही गोष्ट जगभर मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला मात्र तिचे कौतुक करवत नाही. ओल्या बाळंतिणीला मैदानात उतरवणे हे कुठल्याही पदकापेक्षा महाग आहे, आणि आपल्या घरात कोणी असे केले तर आजी काठी घेऊन मागे लागेल. तिची इच्छा असेलही, पण संघाने थांबायला हवे होते.

कौतुक करायचे ते पुढच्या चौदा वर्षांचे. आई झाली म्हणून तिचा खेळ सुटला नाही. तिची जागा दुसरीला देऊन तिला घरी बसवले नाही. क्यूबात नोकरी करणाऱ्या आयांसाठी सरकारी पाळणाघरे 1961 पासून निघाली, बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कायदा 1974 साली झाला. म्हणजे बाईने मूल झाल्यावरही कामावर परत यायचे ही गोष्ट तिथे अचंब्याची राहिली नव्हती. खेळाडूही त्यातलीच एक.

ऑलिंपिकच्या बाबतीत मात्र तिच्या नशिबी वाट बघणे आले. 1984 आणि 1988 ह्या दोन्ही ऑलिंपिकवर क्यूबाने बहिष्कार टाकला. राजकारण पुढाऱ्यांचे, वर्षे गेली खेळाडूंची. शेवटी 1992 साली बार्सिलोनाला ती गेली तेव्हा पंचविशीला टेकली होती आणि तिची मुलगी सहा वर्षांची होती. सुवर्णपदक! 1996 साली अटलांटा येथे चीनला हरवून दुसरे सुवर्ण. तिथे ब्राझीलबरोबरच्या उपांत्य सामन्यात नेटवरून शिवीगाळ आणि सामना संपल्यावर हातघाई झाली, ती काही शोभेची गोष्ट नव्हती, हेही नोंदवतो. 2000 साली सिडनीत रशियाविरुद्ध पहिले दोन्ही सेट गेल्यावर क्यूबाने पुढचे तिन्ही जिंकले. मिरेया तेव्हा 33 वर्षांची. हल्ल्याचा भार आता रेग्ला तोरेससारख्या तिच्याहून लहान मुलींवर होता. ही तोरेस बार्सिलोनाला अवघी सतरा वर्षांची होती. थोरली धाकटीला शेजारी उभी करून घडवते, तसा तो संघ होता. लागोपाठ तीन सुवर्णे महिला व्हॉलीबॉलमध्ये दुसऱ्या कोणत्याही देशाला आजवर जमलेली नाहीत. 1994 आणि 1998 ची जागतिक अजिंक्यपदे वेगळीच.

आणि हे सारे कोणत्या दिवसांत? 1991 साली सोव्हिएत संघराज्य मोडले आणि क्यूबाच्या साखरेचे हक्काचे गिऱ्हाईक गेले. तेल नाही, वीज नाही, खायची भ्रांत, लोक सायकलीवर आले. अशा काळात ह्या मुली जिंकत होत्या. म्हणून पैसा नाही ही सबब आम्हाला पटत नाही. पण नीट बघा, वीस-तीस वर्षांची बांधणी होती म्हणून ती काही काळ टिकली. 2002 साली क्यूबाने जवळजवळ निम्मे साखर कारखाने बंद केले. अलीकडे तर त्या देशाला साखर बाहेरून आणावी लागली आहे. खेळाडूही चांगल्या कमाईसाठी परदेशी गेल्या. महिला संघाने 2004 साली अथेन्सला कांस्य मिळवले, 2008 साली बीजिंगला चौथा आला, त्यानंतर 2024 पर्यंत तो ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही.

आता आपल्याकडचे. कुस्तीला आमचा विरोध नाही, मल्लांचे मानधन कमी करा असेही आम्ही म्हणत नाही. पण मुली नववी-दहावीपर्यंत खेळतात आणि मग मैदानावर दिसत नाहीत, त्याचे कारण काय? उडी कमी पडली? छे! संध्याकाळी सराव संपेपर्यंत शेवटची एस.टी. गेलेली असते, वस्तीवर परत जायला सोबत नाही, आणि लग्न ठरले की विषय संपला. सून होऊन आलेल्या मुलीने चेंडूला हात लावायचा, हे तर कोणी मनातही आणत नाही. फडावर आलेल्या तोडणी कामगारांच्या पोरींचे तर विचारूच नका. हंगामात निम्मी शाळा बुडते, तिथे खेळ कुठला.

आमच्या मते तीन गोष्टी संचालक मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे आणाव्यात. एक, सरावानंतर मुलींना वस्तीपर्यंत सोडायला कारखान्याची गाडी. दोन, आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींना आणि लग्न झालेल्या बायकांना, सोबत कोणी बाई प्रशिक्षक. लेकरे सांभाळायला त्या वेळात कॉलनीतल्या बालवाडीची खोली उघडी ठेवता येईल. तिसरीला तर पैसाही लागत नाही. मैदानावरचे नेट कायमचे पुरुषांच्या 2.43 मीटरवर बांधलेले असते आणि मुलींनी त्याखालीच खेळायचे. त्यांच्या दिवशी ते 2.24 वर उतरवावे.