‘मलआख’ : देवदूत की निरोप्या?

बायबलमधील प्रत्येक दूताला पंख लावून आकाशातून उतरवणाऱ्यांनी मूळ हिब्रू शब्द एकदा पाहावा. ‘मलआख’ म्हणजे निरोप्या. उत्पत्तीच्या 32व्या अध्यायात याकोबाला भेटतात ते देवाचे ‘मलआख’, आणि लगेच तो एसावाकडे धाडतो ती माणसेही ‘मलआख’च! जेरोमने लॅटिन अनुवादात पहिल्यांना ‘अँजेलस’ म्हटले, दुसऱ्यांना ‘नुंतियस’. वाचकाने करायचा निवाडा अनुवादकानेच उरकला. हाग्गय तर हाडामांसाचा संदेष्टा. त्यालाही परमेश्वराचा ‘मलआख’ म्हटले आहे.

म्हणून सगळेच दूत मानव ठरवणे हाही उथळपणाच. शास्ते 13मधला दूत वेदीच्या ज्वालेतून वर जातो. निरोप्ये असे जात नसतात. मात्र शास्ते 2मध्ये गिलगालहून बोखीमला आलेला दूत? तो फिनहास याजकच, असे मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी निःसंकोच सांगतो.