ती तिथं काय करत होती?

बलात्काराची बातमी आली की आपल्या गावातल्या, सोसायटीतल्या ग्रुपवर पहिला प्रश्न कोणता येतो? तुम्हीही वाचला असेल. "एवढ्या रात्री ती तिथं काय करत होती?" मग थोड्या वेळानं दुसरा, जरा दबक्या आवाजात: "कोणातली आहे?"

हे प्रश्न नुसते ग्रुपवर राहत नाहीत. पोलीस ठाण्यापासून सुप्रीम कोर्टापर्यंत ते पोचलेत, आणि त्यांच्या उत्तरावर कुणाला किती न्याय मिळणार हे ठरत आलंय. लांब कशाला जायचं, आपल्याच विदर्भातलं बघा.

मार्च 1972. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, लोकांच्या घरी काम करून जगणारी. तिच्या प्रेमप्रकरणाची तक्रार भावानं केली म्हणून सगळे ठाण्यात आले. जबाब झाल्यावर पोलिसांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत थांबवून घेतलं. पुढं जे झालं तो खटला देशभर 'मथुरा खटला' म्हणून ओळखला गेला.

सत्र न्यायालयानं 1974 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. कारण काय, तर मुलीला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती! नागपूर खंडपीठानं 1976 मध्ये तो निकाल फिरवला. ठाण्यात, पोलिसांपुढं, भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं हायकोर्टाचं म्हणणं होतं. पण 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघांना पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नसेल.

आता विचार करा. रात्रीची वेळ, ठाण्याचं दार बंद, समोर वर्दीतला माणूस आणि आत एक अनाथ आदिवासी मजूर मुलगी. तिनं कुठला विरोध करायचा होता? ती कोण आहे आणि समोर कोण आहे, हे बाजूला ठेवून कोर्ट जखमा मोजत बसलं.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. 1980 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टानं ते धरून चालायचं. आज देशातल्या कुठल्याही बाईला मिळणारं हे संरक्षण देसाईगंजच्या त्या मुलीमुळं आलं. तिला स्वतःला मात्र काहीच मिळालं नाही.

"ते जुनं झालं हो," असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. मग 2006 चं खैरलांजी घ्या. भंडारा जिल्हा, दलित कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांना जमावानं ठार मारलं. आरोपींना शिक्षा झाली, नाही असं नाही. पण खुनाची. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली दोषी कुणीच ठरलं नाही, सूडातून झालं असं म्हटलं गेलं. स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दलही शिक्षा नाही. म्हणजे माणसं मेली हे कोर्टाला दिसलं, पण ती ज्या कारणानं एवढी एकटी पडली होती ते कारण निकालपत्रात उरलंच नाही.

आणि जी बाई नाही, पुरुषही नाही, तिचं काय? आज कायद्यात बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा आहे. तोच अत्याचार तृतीयपंथी व्यक्तीवर झाला तर 2019 च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं! आधी कलम 377 चा तरी आधार होता. 2018 च्या निकालानंतरही जबरदस्तीच्या कृत्यांसाठी ते लागू होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम पूर्ण गेलं. संसदेच्या समितीनं अशी तरतूद ठेवा म्हणून सांगूनसुद्धा. आता प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी वेगळं कलमच नाही.

जखम तीच, पण ती कुणाच्या अंगावर आहे यावर तिची किंमत ठरते.

कोर्ट, संसद आपल्या हातात नाही, मान्य. पण पहिली पायरी आपल्या हातात आहे. बलात्काराची तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला 2013 पासून स्वतःलाच शिक्षा होऊ शकते. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे माहीत असलेला एक माणूस सोबत ठाण्यात गेला, तरी समोरच्या साहेबांचा सूर बदलतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर "ती तिथं काय करत होती" असं कुणी विचारलं, मग तो काका असो, मामा असो की आपला मित्र, तर गप्प बसू नका. तो तिथं काय करत होता, एवढंच त्याला विचारा.